जाकीट काढा, आजी!

१ डिसेंबरला कंत्राटदाराच्या हापिसात कॅलेंडरचं पान उलटलं आणि माझी मेलेली आजी भिंतीवर आली.

मी तिथं हिशेब मागायला उभा होतो. दोन नाईट कमी लावल्या होत्या. पाळी नुकतीच सुटलेली. गोदीतल्या थंडीला मुंबईत कुणी थंडी म्हणत नाही. पण रात्री तीन वाजता जहाजाच्या पोटात उतरून स्टीलच्या कॉइलला वायररोप लावून बघा. लोखंड रात्रभर समुद्राचा गारठा पीत बसतं आणि मग तो तुमच्या तळव्यात ओततं. तर असा मी. बोटं बधिर, डोळ्यांत झोप. कारकून म्हणाला, थांब. थांबणं हेही आमचं कामच, फक्त त्याची मजुरी मिळत नाही. म्हणून भिंतीकडं बघत राहिलो.

गुळगुळीत कागदाचं मोठं कॅलेंडर. कुठल्याशा कंपनीनं गिऱ्हाइकांना वाटलेलं. डिसेंबरच्या पानावर धुकं. धुक्यात शेकोटी. शेकोटीपुढं उकिडवी बसलेली म्हातारी, खांद्यावर फाटकी वाकळ, दोन्ही पंजे जाळाकडं. तोंडावर उजेड असा पडलेला की सुरकुती न् सुरकुती मोजून घ्यावी. खाली बारीक अक्षरांत, 'हिवाळ्याची ऊब. ग्रामीण महाराष्ट्र.' त्याखाली फोटो काढणाऱ्याचं नाव.

म्हातारीचं नाव नाही. गावाचं नाही. साल नाही.

मी कारकुनाला म्हणलं, "ही माझी आजी हाय."

तो हसला. "आजी सगळ्यांची अशीच असते रे."

माणूस वाईट नव्हता. पण माझं भांडण याच वाक्याशी आहे. आजी सगळ्यांची अशी नसते. फोटो काढणाऱ्याची आजी अशी नव्हती. असती तर त्यानं हा फोटो काढलाच नसता.

तो फोटो कसा निघाला ते ऐका. दोन वर्षांपूर्वीचा डिसेंबर. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याजवळ आमची वस्ती. गावाच्या बाहेर, जिथं आमच्या वस्त्या अजून असतात तिथंच. थंडीत आजीचे सांधे धरायचे. पहाटे उठून दारापुढं पाचटाचा जाळ करून बसायची. अंगात माझं जाकीट.

ते जाकीट साधंसुधं नव्हतं. जाडजूड, आत अस्तर, रंग नारिंगी, पाठीवर रेडियमच्या पट्ट्या. एका जहाजावरच्या फिलिपिनो खलाशानं मला दिलेलं. त्याची भाषा मला येत नव्हती, माझी त्याला नाही. त्यानं रात्री माझ्या फाटक्या शर्टाकडं बघितलं, अंगातलं जाकीट काढलं आणि माझ्या अंगावर टाकलं. बस्स. दुनियेतल्या कामगारांची एकी वगैरे मी पोस्टरवर वाचली होती, ती अंगाला लागली ती त्या रात्री. मी ते गावी नेऊन आजीला घातलं. वस्तीतली पोरं तिला 'रेडियम आजी' म्हणायची. अंधारात बॅटरी मारली की म्हातारी चमकायची. पोरं खूश, म्हातारीही खूश.

एका पहाटे तीन मोटारी थांबल्या. पुण्या-मुंबईची फोटोमंडळी. हिवाळी कार्यशाळा म्हणून पैसे भरून चांदोलीला निघालेली. वाटेत धुकं झकास दिसलं म्हणून उतरली. त्यांच्यातल्या मास्तरानं आजीला बघितलं, जाळ बघितला, आणि म्हणाला, "आजी, ते जाकीट काढा ना. फोटोत खटकतंय."

कुंपणावर वाकळ वाळत घातली होती. रात्रभराच्या दवानं भिजलेली. ती त्यांनी आणली आणि आजीच्या खांद्यावर टाकली. "हां! आता कसं खरं वाटतंय." मग वीसेक मिनिटं चाललं. मान अशी करा, हात जाळाकडं करा, लांब बघा, हसू नका. जाताना पन्नासची नोट आणि बिस्किटाचा पुडा.

नाताळात मी दोन दिवस गावी गेलो तेव्हा आजीनं हे हसत हसत सांगितलं. "आरं, मानसं फोटू काढायचा म्हनलं की चांगलं कापड नेसत्यात. ह्येनी मला फाटकं पांघराय लावलं. ही शिकल्याली मानसं येडी का खुळी रं?"

माघात आजी गेली. जाकीट काढायला लावलं म्हणून गेली असं मी म्हणत नाही. म्हातारी होती, छातीत कफ होता, दवाखाना लांब होता. पण एवढं म्हणतो की ज्या चित्राखाली 'ऊब' असं छापलंय, त्या चित्रात माझी आजी कुडकुडत होती. अंगातली खरी ऊब काढून घेतली तेव्हा कुठं त्यांची ऊब तयार झाली.

आणि फोटो चांगला आहे दोस्तांनो. हीच तर बोंब आहे. रद्दी असता तर मी थुंकून पुढं गेलो असतो. आजीचे डोळे त्यात जसेच्या तसे आहेत. आमच्या घरात तिचा दुसरा फोटो कुठला? आधार कार्डावरचा. त्यात ती गुन्हेगारासारखी दिसते. सगळ्यांचाच फोटो तिथं तसा येतो. म्हणजे माझ्या आजीची या जगात दोन चित्रं. एक सरकारचं, एक त्या फोटोवाल्याचं. आमचं एकही नाही.

ही फोटोमंडळी दर हिवाळ्यात येतात. पावसाळ्यात काससाठी साताऱ्याला, फुलं बघायला. थंडीत आमच्याकडं, धुकं बघायला. त्यांच्या बोलण्यात सारखा 'मूड' असतो, 'पोत' असतो, 'सोनेरी उजेड' असतो. सूर्य उगवल्यावरच्या पहिल्या तासाला ते सोनेरी तास म्हणतात. ऊसतोडीवाल्याला विचारा तो तास कसला असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कारखान्यांचं गाळप सुरू झालं की बीडकडनं टोळ्या येतात. मुकादमाकडनं उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत मान त्याच्या हातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. माणसं दोन, मोजायला एक, तेही हत्यार म्हणून. पहाटे तीन-चारला फडात शिरायचं. उसाचं पान दवानं भिजलेलं असतं, त्याच्या कडेनं हात चिरतात, आणि ओल्या चिरेला थंडी लागते. सूर्य वर येईस्तोवर मोळ्यांचा ढीग झालेला असतो. सोनेरी तास म्हणजे त्यांचा अर्धा दिवस.

त्याच सकाळी ही मंडळी कोप्यांवरही गेली होती. पाचटात झोपलेलं पोर, त्याच्या गालावर ऊन. काढ फोटो! 'निरागस.' आई कुठाय त्याची? फडात. पोराला शाळा? ते फोटोत येत नाही. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्याची बातमी देशभर गाजली. पाळी आली की खाडा, खाडा झाला की दंड, म्हणून पिशवीच काढून टाकायची. त्या बाईचा हिवाळा कुठल्या उजेडात काढणार, सोनेरी की निळ्या?

त्या कोप्यांवरची एक बाई फोटोवाल्यांना म्हणाली होती म्हणे, "आमचं कशाला काढताव? त्या वजनकाट्याचा काढा की फोटू. रातच्याला कसं वजन मारत्यात त्ये काढा." मास्तर म्हणाला, तिथं उजेड बरोबर नाही.

बरोबर बोलला! तिथं उजेड बरोबर नाहीच. कुणी पडू देत नाही.

आता कुणी म्हणेल, एका फोटोवाल्याच्या आगाऊपणावर एवढा थयथयाट कशाला? तर हा एकाचा आगाऊपणा नाही. ही परंपरा आहे. मी मॅट्रिक. इतिहास मला शाळेनं शिकवला नाही, आमच्या शनिवारच्या अभ्यासगटानं शिकवला. तिथं कळलं ते सांगतो.

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. त्या मंडळींतला विल्यम जॉन्सन नावाचा इंग्रज. त्यानं मुंबईतल्या जातीजमातींच्या फोटोंची दोन पुस्तकं काढली, १८६३ आणि १८६६ साली, लंडनला. त्यात हुन्नर असा की माणसांचा फोटो एकीकडं काढायचा, माणसं कातरायची आणि दुसऱ्याच देखाव्यावर चिकटवायची. ज्या जातीला जो देखावा शोभेल तो. माणूस कुठं उभा होता याला किंमत नाही. तो कुठं शोभतो याला किंमत. पुढं १८५७ च्या उठावानं हादरलेल्या सरकारनं 'पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड काढले, १८६८ ते १८७५. फोटो आणि शेजारी त्या जातीचा स्वभाव. ही जात इमानी, ही लबाड, ही चोरटी. मधेच १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला. आमच्या पारध्याच्या पोराला जन्मतःच चोर ठरवणारा तो कायदा १९५२ ला गेला. मथळा गेला नाही. फोटोखालच्या 'लबाड'च्या जागी आता 'निरागस' आलंय एवढंच. जातीच्या माथी स्वभाव चिकटवायची खोड तीच आहे.

सातासमुद्रापलीकडं बघा. अमेरिकेत एडवर्ड कर्टिस नावाचा मोठा फोटोवाला होऊन गेला. तिथल्या मूळच्या जमातींवर, ज्यांना आपण रेड इंडियन म्हणत आलो त्यांच्यावर, त्यानं १९०७ ते १९३० या काळात वीस खंड काढले. पैसा जे. पी. मॉर्गन या बँकवाल्याचा. १९१० च्या एका फोटोत पीगन जमातीची दोन माणसं आपल्या तंबूत बसलीत आणि दोघांच्या मधे घड्याळ आहे. साधं टेबलावरचं घड्याळ. पुस्तकात छापताना कर्टिसनं ते घड्याळ पुसून टाकलं. का? तर इंडियन माणसाकडं घड्याळ शोभत नाही. त्याच्याकडं पीस शोभतं, हाडाची माळ शोभते, मावळता सूर्य शोभतो. घड्याळ असलं तर तो आजचा माणूस ठरतो. आजचा माणूस ठरला की तो विचारणार, साहेब, आमची जमीन कुठाय?

आलं ध्यानात? त्यांचं घड्याळ, माझ्या आजीचं जाकीट. मधे शंभरावर वर्षं आणि एक अख्खा समुद्र. पण पुसणारा हात एकच जातीचा.

जाकीट का खटकलं? त्यात कुरूप काय होतं? ते नारिंगी होतं, झळझळीत होतं, फोटोवाल्याला तर हवाच असा रंग. खटकलं ते वेगळ्या कारणानं. त्या जाकिटावर लिहिलं नव्हतं, पण वाचता येत होतं की या म्हातारीचा नातू मुंबईला गोदीत आहे. ही आजच्या जमान्यातली बाई आहे. तिचा जहाजाशी, समुद्राशी, फिलिपिनो खलाशाशी संबंध आहे. मग ती 'ग्रामीण महाराष्ट्र' कशी राहील? ती झाड-डोंगर-धुक्यासारखी निसर्गाचा भाग कशी दिसेल? म्हणून जाकीट काढा, आजी.

माणसांचं केलं तेच भूमीचं. ही मंडळी आमच्या वस्तीवरनं पुढं चांदोलीला गेली. वारणेवर धरण झालं, खोऱ्यातली गावं पाण्याखाली गेली. १९८५ ला अभयारण्य, २००४ ला राष्ट्रीय उद्यान, २०१० ला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, २०१२ ला युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत नाव. दर पायरीला जंगलाची किंमत वाढली आणि माणूस बाहेर गेला. शेती करणारा गेला, गुरं-म्हशी राखणारा धनगर-गवळी गेला. पुनर्वसनाच्या जमिनीसाठी ही माणसं श्रमिक मुक्ती दलाच्या झेंड्याखाली किती वेळा रस्त्यावर बसली. आणि हिवाळ्यात त्या जलाशयावरच्या धुक्याचा फोटो निघतो, खाली लिहितात, 'निर्जन.' अरे भाड्यांनो, निर्जन नाही ते, निर्जन केलेलं आहे! त्या धुक्याखाली चुली आहेत, उंबरे आहेत. वाघ जगावा, जंगल जगावं, आमचं काही म्हणणं नाही. पण आधी माणसाला उठवायचं आणि मग त्याच्या रिकाम्या जागेला सौंदर्य म्हणायचं, हा धंदा आम्ही ओळखून आहोत.

माणूस काढला की निसर्ग उरतो. तारीख काढली की ऋतू उरतो. हा त्यांच्या कॅमेऱ्याचा सगळा शहाणपणा.

त्यांना हिवाळा म्हणजे ऋतू. येतो, जातो, पुढच्या वर्षी परत येतो. त्यात कुणाचा दोष नसतो. म्हातारी कुडकुडली तर थंडीमुळं. पोर पाचटात झोपलं तर हिवाळा आहे म्हणून. ऋतूवर खटला भरता येत नाही. म्हणून त्यांना आमचं सगळं ऋतूत घालायचं असतं.

आम्हाला हिवाळा म्हणजे तारखा. मोजा.

६ डिसेंबर १९५६, बाबासाहेब गेले. २५ डिसेंबर १९२७, महाडला मनुस्मृती जाळली. ती आमची शेकोटी! २५ डिसेंबर १९६८, तमिळनाडूत किळवेणमणीला मजुरी वाढवून मागितली म्हणून ४४ दलित झोपडीत जाळले, त्यात बाया-पोरंच जास्त. १ जानेवारी १८१८ कोरेगाव. १ जानेवारी १९२७, बाबासाहेब त्या स्तंभापुढं उभे राहिले. १ जानेवारी २०१८, त्याच वाटेवर आमच्यावर दगड आले. ३ जानेवारी १८३१, आमच्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात नायगावला सावित्री जन्मली. ५ जानेवारी १९७४ ला वरळीत दंगल पेटली आणि १० जानेवारीला भागवत जाधव पडला. १४ जानेवारी १९९४, नामविस्तार. त्याच्या आधीची सोळा वर्षं आणि त्यात जळालेली घरं धरून. १७ जानेवारी २०१६, रोहित वेमुला.

हा आमचा हिवाळा. यात धुकं नाही, सगळं लख्ख दिसतं. आता त्या कॅलेंडरचं डिसेंबरचं पान परत आठवा. वर माझी आजी, खाली चौकटी. २५ लाल होता, नाताळ म्हणून. ६ काळा होता, साध्या दिवसासारखा. तारखांच्याच कागदावर माझी आजी छापली आणि तिची एकही तारीख छापली नाही!

माझी आजी दर साली ६ डिसेंबरला दादरला यायची. चैत्यभूमीच्या रांगेत रात्र काढायची, शिवाजी पार्काच्या धुळीत झोपायची, येताना एक वही आणि बाबासाहेबांचा एक फोटो घेऊन जायची. आमच्या घरात देव निघाले त्या दिवशी भिंतीवर पहिला फोटो लागला तो बाबासाहेबांचा. वस्तीत घरटी विचारा, पहिला फोटो तोच. म्हणजे फोटो काय चीज आहे हे आम्हाला शिकवू नका. आम्ही एका फोटोवर घर उभं केलेली माणसं आहोत.

आणि त्या फोटोत काय आहे? कोट आहे! निळा सूट, टाय, खिशाला पेन. पंचा नेसलेल्या पुढाऱ्यांच्या जमान्यात महाराचा पोर तीन तुकड्यांचा सूट घालून कॅमेऱ्यापुढं उभा राहिला आणि म्हणाला, काढ. तेव्हा एखाद्या सौंदर्यवाद्यानं म्हणून बघायचं होतं, "डॉक्टर, तो कोट जरा काढता का, खटकतोय." हो, खटकणारच. खटकावा म्हणूनच घातला होता. आमच्या माणसाच्या अंगावरचं धड कापड या देशाला कायमच खटकत आलंय. गावात नवा शर्ट घातला म्हणून मार खाल्लेली माणसं अजून जिवंत आहेत. गावगुंड मारून उतरवतो. फोटोवाला 'आजी, प्लीज' म्हणून उतरवतो. उतरतं तेच कापड.

आमच्या शिराळ्याचं नाव निघालं की लोकांना नागपंचमी आठवते, नागाचे फोटो आठवतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं नागाला हात लावायला सरकारची परवानगी लागते. कोर्टानं जिवंत नाग धरायला बंदी घातली. बरं झालं, नागालाही जीव आहे. पण माझ्या आजीच्या अंगावरचं कापड काढायला कुणाची परवानगी लागली नाही. उलट कायदा त्यांच्या बाजूनं. १९५७ चा कॉपीराइट कायदा सांगतो, फोटो काढील तो मालक. जिवंत असेपर्यंत मालक, आणि मेल्यावर साठ वर्षं त्याचे वारस मालक. फोटोत जो आहे त्याचा हक्क? कायद्याच्या मालकीहक्कात त्याला जागा नाही. सात-बारा जमिनीचा आमच्या नावावर नव्हताच, आता चेहऱ्याचाही दुसऱ्याच्या नावावर.

याच नागाचं निमित्त करून आमच्या शेजारच्या वाळवा तालुक्यातले वाटेगावचे अण्णाभाऊ १९५८ साली मुंबईत पहिल्या दलित साहित्य संमेलनात बोलले होते. शेषानं पृथ्वी तोलल्याची पोथीतली कथा त्यांनी उलटी केली आणि पृथ्वीचा भार राबणाऱ्यांच्या हातांवर आणून ठेवला. ते हात या फोटोत आहेत. पण काय करताना? शेकताना. जन्मभर खुरपलेले, भाजलेले, उचललेले हात. फोटोवाल्यानं त्यांना एकच काम दिलं, शेकायचं.

आता ते म्हणतील तेही मला ठाऊक आहे. म्हणतील, आम्ही गरिबी जगापुढं आणतो. खोटं. तुम्ही गरिबी जगापुढं नेली असती तर गावाचं नाव लिहिलं असतं, मजुरी लिहिली असती, कारखान्याचा काटा काढला असता. तुम्ही गरिबीतलं देखणेपण तेवढं सोलून नेता. म्हणतील, म्हातारी तयार होती. होती. आमच्या म्हाताऱ्या मोटारीतनं उतरलेल्या माणसाला नाही म्हणायला शिकलेल्या नाहीत. तिच्या होकारात किती पिढ्यांचा दाब आहे हे मोजायचं यंत्र तुमच्या कॅमेऱ्यात नाही. म्हणतील, कलेला जात नसते. मग तुमच्या मंडळीत आमचा एक तरी पोरगा का नसतो? तीन लाखांचा कॅमेरा, वीस हजारांची कार्यशाळा. जात लिहायची गरजच काय, किंमत लिहिली की झालं.

कॅमेरा मुळात पापी आहे असं मी म्हणत नाही. सुधारक ओलवे या मुंबईच्या फोटोवाल्यानं महापालिकेच्या सफाई कामगारांबरोबर वर्षं काढली. त्यांच्याबरोबर गटारात वाकला, घरात बसला. २०१६ ला त्याला पद्मश्री मिळाली, पण मला त्याचं कौतुक त्यासाठी नाही. त्याच्या फोटोत घाण आहे ती घाण दिसते आणि माणूस माणूस दिसतो. अमेरिकेत कायोवा जमातीत होरेस पूलॉ नावाचा फोटोवाला होऊन गेला, १९०६ ते १९८४. कर्टिस ज्यांना मावळती जमात म्हणून विकत होता, त्यांच्यातलाच हा. त्यानं आपल्या माणसांना मोटारीत बसलेलं काढलं, फौजेच्या वर्दीत काढलं, जत्रेत नटलेलं काढलं. पिसांचा टोपही काढला. पण टोप घालणारा आपल्या मर्जीनं घालत होता. त्याच्या फोटोतलं घड्याळ कुणी पुसलं नाही. फरक कॅमेऱ्याचा नव्हता. फरक होता कॅमेरा कुणाच्या अंगणात, कुणाच्या भरवशावर उभा आहे याचा.

आता आपलंही काढतो, कारण दुसऱ्याला शिव्या देणं सोपं असतं. आपल्या प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. काय काढतो आपण? ६ डिसेंबरला स्वतःचं थोबाड, मागं चैत्यभूमी. जयंतीला पुढाऱ्याचा फ्लेक्स. बाबासाहेब कोपऱ्यात रुपयाएवढे आणि गल्लीतले भावी नगरसेवक दारासारखे. परभणी-नांदेडहून आलेली म्हातारी शिवाजी पार्कात चटईवर झोपते, सकाळी उठून पुस्तकांच्या दुकानापुढं पदराची गाठ सोडते. तिचा फोटो आपल्यापैकी किती जणांनी काढला? तिचं नाव विचारलं? मीही नाही विचारलं. माझी आजी बारा वेळा माझ्यासमोर त्या रांगेत उभी राहिली. हातात मोबाइल होता. मला कधी सुचलं नाही. म्हणून तर तिचा फोटो दुसऱ्यानं काढला. ही माझी चूक, मी मान्य करतो, आणि तुम्ही ती करू नका म्हणून हे लिहितोय.

तेव्हा फोटोमंडळींना आमचं म्हणणं थोडक्यात.

एक. नाव, गाव, तारीख. हे तिन्ही लिहायची लाज वाटत असेल तर फोटो काढू नका.

दोन. अंगावरचं कापड, हातातली वस्तू, मागची भिंत बदलायची नाही. भिंतीवर निळा झेंडा असेल तर तो फोटोत राहील.

तीन. फोटो काढला तर एक प्रत घरी आणून द्या. बक्षीस लागलं, कॅलेंडर छापलं, पैसा आला, तर त्यातला वाटा घरी आणून द्या. पन्नासची नोट म्हणजे वाटा नव्हे, टिप आहे.

चार. 'निर्जन', 'निरागस', 'ऊब' हे शब्द आमच्या वस्तीत वापरायचे नाहीत.

आणि आपल्या पोरांनो, तुम्हाला. या हिवाळ्यात गावी जाल तेव्हा आजीला, आईला, मामाला विचारा, कुठलं कापड घालून फोटो काढायचाय. ते घालू द्या. हसू द्या. मग काढा, आणि मागं नाव-तारीख लिहा. त्यानंतर काट्याचा काढा, पगाराच्या पावतीचा काढा, कोपीचा काढा, नाईटला जहाजाच्या पोटात वाकलेल्या आपल्या टोळीचा काढा. उजेड बरोबर नसला तरी काढा. डोळे दिसले नाहीत तरी चालेल, तारीख दिसली पाहिजे.

शेवटचं. ते पान मी कारकुनाकडं मागितलं. तो म्हणाला, वर्ष संपू दे. १ जानेवारीला सकाळी पाळी सुटल्यावर गेलो. भिंतीवर नवं कॅलेंडर, जुनं कचऱ्याच्या डब्यात. वरचे अकरा महिने सोडून डिसेंबर काढला, गुंडाळला, एसटीनं गावी नेला. बाबासाहेबांच्या फोटोशेजारी लावायचा म्हणून खिळा ठोकला. आईनं बघितलं आणि हात धरला.

"ह्यो फोटू न्हाई लावायचा. लोक म्हनतील, सुनंनं नि नातवानं म्हातारीला पांघराय सुदीक दिलं न्हाई."

मी गप्प झालो. एवढा मोठा लेख मी लिहितोय, पण आईनं जे एका दमात सांगितलं ते यात आलं का मला माहीत नाही. त्या फोटोनं आमच्या आजीला उघडं पाडलंच, वर आमच्या मायेला खोटं ठरवलं.

पान ट्रंकेत ठेवलं. तिचं नाव मी इथं लिहीत नाही. ते त्या पानाचं देणं आहे, त्यांनी फेडावं. खिळा तसाच होता. आईनं त्याला जाकीट टांगलं. रात्री वीज गेली. शेजारचं पोर बॅटरी घेऊन आलं, आणि बाबासाहेबांशेजारी भिंतीवर दोन पट्ट्या लख्ख चमकल्या.

जयभीम.